व्हर्नर ओयाचं शेवटचं पिंप

कर्टिस हार्यूला थांबणं म्हणजे शिक्षा वाटे. त्याचं कामच तसं होतं. हँकॉकपासून वर सरोवराच्या काठापर्यंतच्या रस्त्यांवरचा बर्फ सारणारा काउंटीचा ट्रक तो चालवायचा, आणि आडवं येईल ते ढकलून बाजूला करायचं एवढंच त्या नोकरीनं त्याला शिकवलं होतं. घरीही तेच. पेस्टी, म्हणजे मांस-बटाटे भरलेली मोठी करंजी, ओव्हनमधून बाहेर आली रे आली की पहिला घास ह्याच्या तोंडात, आणि मग जीभ भाजली म्हणून थयथयाट.

"जरा निवू दे की तिला," त्याची बायको टॅमी म्हणायची.

"निवली की गार होते," कर्टिस म्हणायचा. 

अशा माणसाला टॅमीनं नाताळात घरी बिअर करायचा संच भेट दिला. गंमत म्हणून दिला, असं ती नंतर शपथेवर सांगत असे. खोक्यात माल्टचा काळा पाक होता, कडवटपणासाठी हॉप्सच्या फुलांची पुडी होती, यीस्ट होतं, झाकणाची बादली होती आणि ठळक अक्षरांत सूचना होती की एकदा झाकण लावलं की दोन आठवडे हात लावू नका. कर्टिसनं सगळं नीट उकळलं, निववलं, यीस्ट टाकलं, झाकण लावलं आणि त्याच संध्याकाळी उघडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी पुन्हा पाहिलं. वर फेस आला होता, आणि त्या फेसातून ताज्या पावासारखा असा काही वास येत होता की हा गडी बादलीपाशी उकिडवा बसूनच राहिला. त्या दिवशी शाळेकडचा रस्ता मोकळा व्हायला उशीर झाला.

फेस बसला तेव्हा त्याला वाटलं, मेलं. म्हणून लाकडी चमच्यानं ढवळलं. आठवड्यानं धीर संपला, तेव्हा बाटल्यांत भरून प्रत्येकीत साखर घातली, वर आणखी चिमूटभर आपल्या मनानं, आणि बाटल्या कपड्यांच्या कपाटात टॅमीच्या कोटांखाली ठेवल्या. एका रविवारी नाश्ता चालू असताना कपाटात पहिली फुटली. मग दुसरी. मग मोजायलाही उसंत मिळाली नाही. टॅमीचा चर्चला जायचा चांगला कोट त्यात कामी आला. वाचलेल्या बाटल्या कर्टिसनं एकट्यानं प्यायल्या.

"चव आहे हं," तो म्हणाला.

"भिजलेल्या मोज्यालाही असते," टॅमी म्हणाली.

पण त्या फेसाचा वास कर्टिसच्या डोक्यातून जाईना. आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या बादलीत काहीतरी जिवंत घडलं होतं आणि आपण ते हातानं बिघडवलं, ह्याचं त्याला खरंच वाईट वाटत होतं. त्याच्या रस्त्यावर मार्लीस कोस्की नावाच्या बाई राहायच्या. जन्मभर शाळेची बस चालवून आता निवृत्त झालेल्या. त्या घरी बिअर करतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं ट्रक थांबवून त्यांना विचारलं. मार्लीसनी सगळी हकिगत ऐकली, हसून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तू व्हर्नरकडे जा. आम्ही सगळे त्याच्याकडूनच शिकलो. आणि हे बघ, जाताना घड्याळ घरी ठेव."

व्हर्नर ओयाची ऐंशी उलटली होती. लाकूडतोडीच्या करवतींना धार लावण्यात त्याची हयात गेली होती. घरामागच्या टेकाडात त्याच्या आजोबांनी बटाटे ठेवायला खोदलेलं तळघर होतं. तिथे आता बटाटे कमी आणि बिअर जास्त असायची. कर्टिस पहिल्या शनिवारी गेला तो दिवसभर भांडी धूत बसला. बुधले, नळ्या, बुचं, झारे. धुऊन झाल्यावर व्हर्नरनं त्यातली निम्मी परत धुवायला दिली.

"आता पुढे काय?" कर्टिसनं हात पुसत विचारलं.

"आता वाळू देऊ."

"आणि मग?"

"मग तू घरी जाशील. टॅमी वाट बघत असेल."

त्याच्या पुढच्या शनिवारी उकळणं झालं. गरम काढा लवकर निवायला हवा, हे कर्टिसला माहीत होतं. त्यानं पातेलं उचललं आणि अंगणातल्या बर्फाच्या ढिगात दाबून ठेवलं. आमच्याकडे नवशिका प्रत्येक जण हेच करतो. तासाभरानं पाहिलं तर पातेल्याभोवतीचा बर्फ वितळून छान गुहा झाली होती, आणि तिच्यात काढा उबदार बसला होता.

व्हर्नर दारातून पाहत होता. "इतकी वर्षं बर्फ सारतोयस लेका, आणि बर्फ म्हणजे पांघरूण असतं हे तुला कुणी सांगितलं नाही? अस्वलं काय मरायला झोपतात त्यात? ते पातेलं आण इकडे, पाण्याच्या टबात ठेव."

यीस्ट टाकून झालं. बुधल्याला बूच लागलं. बुचात पाणी भरलेली वाकडी नळी, तिच्यातून आतली हवा बुडबुडत बाहेर येते आणि बाहेरची आत जात नाही. व्हर्नरनं दोन खुर्च्या बुधल्यासमोर मांडल्या आणि बसला. कर्टिसही बसला. त्याचा गुडघा थडथड हलत होता.

"आपण काय बघतोय?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"बघत नाही. बसलोय."

ह्या माणसाला घाई करताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. पण नुसता संथ असता तर कर्टिस दोन आठवड्यांत पळून गेला असता. व्हर्नरच्या जिभेनं त्याला बांधून ठेवलं. कर्टिसनं घरी नेऊन ठेवलेली ती बिअर तयार झाली तेव्हा म्हाताऱ्यानं एक घोट घेतला, तोंडात धरला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू झाकण दोनदा उघडलंस. एकदा सुरुवातीला आणि एकदा परवा."

दोन्ही खरं होतं. परवाचं तर टॅमीलाही ठाऊक नव्हतं.

गावात घरी बिअर करणाऱ्यांचं मंडळ होतं. दर महिन्याला सगळे आपापल्या बाटल्या घेऊन व्हर्नरकडे जमत आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसत. पाणी कुणी विहिरीचं वापरलं, पातेल्यावर झाकण ठेवून कुणी उकळलं, कुणाच्या नळीला चीर आहे, हे सगळं तो एका घोटात सांगायचा. खोट काढताना आवाज चढत नसे, आणि सांगितलेलं कधी चुकत नसे. लोक मान खाली घालून ऐकत, आणि पुढच्या वेळी तीच बिअर चांगली होऊन येई. कर्टिसला वाटे, मला ह्या जन्मात निम्मं जरी असं जमलं तरी पुष्कळ झालं. वर्षभरात त्याचं झाकण उघडणं सुटलं. गुडघा मात्र हलतच राहिला.

त्या हिवाळ्यात व्हर्नर तापानं पडला. पुष्कळ दिवस अंथरुणाला खिळला होता. मार्लीस सूप घेऊन जात, कर्टिस कामावर निघताना आधी त्याचा रस्ता मोकळा करी. बरा होऊन उठला तेव्हा त्याची मुलगी एलेन ॲरिझोनाहून फोनवर रोज एकच सांगत होती: बाबा, आता पुरे, इकडे या. शेवटी तो कबूल झाला. ऑक्टोबरात, बर्फ पडायच्या आत निघायचं. घर बंद ठेवायचं, वसंतात विकायचं. तिकीट एकेरी.

आणि निघण्याआधी त्यानं मंडळाला सांगितलं, एक पिंप भरू.

पिंप म्हणजे व्हिस्कीचं रिकामं लाकडी पिंप. एकट्याच्या बिअरनं ते भरत नाही. म्हणून मंडळातले सगळे एकाच कृतीनं, आपापल्या घरी, गडद काळी बिअर करतात, ठरल्या दिवशी बुधले घेऊन येतात आणि एकामागून एक त्यात ओततात. पिंप काठोकाठ भरावं लागतं, वर हवा राहिली की बिअर बिघडते. आणि एकाचा जरी बुधला आंबलेला असला तरी त्याच्यापायी सगळ्यांची मेहनत वाया. ह्यापूर्वी तीन-चार पिंपं झाली होती, त्यांच्या आठवणी लोक अजून काढत. हे व्हर्नरचं शेवटचं. एक वाटेकरी गाव सोडून गेल्यामुळे जागा रिकामी होती.

"कर्टिस भरेल," व्हर्नर म्हणाला.

"हा?" ग्लेन पेल्टो ओरडला. ग्लेन हार्डवेअरचं दुकान चालवायचा आणि मंडळात सगळ्यात मोठा आवाज त्याचा. "अरे, हा पेस्टी निवेपर्यंत थांबत नाही, ह्याला पिंपात घेतोस? म्हातारपणी एवढं धाडस नको करू, व्हर्नर!"

सगळे हसले. कर्टिसही हसला, पण त्याला आतून काय वाटलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्या रात्री त्यानं व्हर्नरचे ते दोन शब्द टॅमीला तीनदा सांगितले.

त्यानं मार्चमध्ये बिअर केली. भांडी दोनदा धुतली, पातेलं टबातच निववलं. बुधला दिमाखात बुडबुडू लागला. आणि मग, वेळेच्या फार आधी, एकदम गप्प झाला. तरंगती नळी घालून मोजलं तर साखर अजून निम्मी शिल्लक. यीस्टला थंडी लागली होती. व्हर्नरनं हे शिकवलं होतं: गप्प झालं तर तूही गप्प बस, घरातल्या घरात थोड्या उबेच्या खोलीत ने आणि विसरून जा. पण भरायचा दिवस जवळ येत होता. आणि कर्टिसच्या अंगणात, आमच्याकडे प्रत्येकाच्या असतो तसा, सौना होता, भट्टी पेटवून घाम काढायची लाकडी खोली.

त्यानं बुधला सौनाच्या कपडे बदलायच्या खोलीत नेऊन ठेवला. भट्टीच्या भिंतीला अगदी टेकवून. बुधवारी आणि शनिवारी हार्यू मंडळी घाम काढत होती आणि पलीकडे बुधला पुन्हा बुडबुडत होता. कर्टिस खूश. नंतर काही आठवडे त्याला ट्रकच्या दुरुस्तीत मान वर करायला वेळ मिळाला नाही. पाहिलं तेव्हा वाकड्या नळीतलं पाणी त्या उष्णतेनं आटून कोरडं ठणठणीत झालं होतं. बिअर कोण जाणे कधीपासून उघडी पडली होती.

वास घेतला. नाकाला झोंबला. त्यानं स्वतःची समजूत घातली की कोवळी बिअर अशीच वागते. रात्रभर त्याला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तो नमुन्याची बाटली घेऊन व्हर्नरकडे गेला. सरळ सांगून टाकायचं ठरवलं होतं. व्हर्नर स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, ओव्हनमध्ये वेलदोड्याचा गोड पाव होता. दारातच कर्टिसला जळका वास आला. ओव्हन व्हर्नरच्या हाताच्या अंतरावर होता. तो शांतपणे कॉफी पीत होता.

"पाव जळतोय!" कर्टिस धावला. आतून काळा धूर निघाला.

व्हर्नर दचकून उठला. "हा ओव्हन... फार जुना झालाय," तो म्हणाला. मग दोघे खिडक्या उघडत, कोळसा झालेला पाव बाहेर टाकत बसले. व्हर्नर एवढा ओशाळला होता की कर्टिसला बाटलीचं बोलवेना. जाऊ दे, त्यानं विचार केला. भरायच्या दिवशी तो प्रत्येकाची चाखणारच आहे. माझी वाईट असेल तर एका घोटात सांगेल. तो म्हणेल ते खरं.

भरायचा दिवस उजाडला तो जोराच्या वाऱ्याचा. सरोवरावरचा बर्फ फुटत होता, अंगणात कुठे चिखल, कुठे बर्फाचे उरलेले ढीग. तळघर अरुंद, म्हणून चाखायचं काम बाहेर दारापाशीच. मंडळाची पद्धत अशी: ज्याचा बुधला त्यानं पेलाभर व्हर्नरला द्यायची. तो घोट घेतो. कुणी बोलत नाही. त्यानं अंगठा वर केला की सगळे "किप्पिस!" म्हणून, पेले उंचावताना म्हणतात तसं, ओरडतात आणि मालक आपला बुधला आत नेऊन ओततो.

मार्लीसचा झाला. ग्लेनचा झाला. एकामागून एक अंगठा वर.

"तापातून उठल्यापासून म्हातारा मवाळ झालाय," ग्लेन कर्टिसच्या कानाशी म्हणाला. "पूर्वी माझी दरवेळी सालटी काढायचा. आता सगळ्यांनाच अंगठा."

कर्टिसची पाळी आली. पेला भरताना उघड्या वाऱ्यातसुद्धा त्याच्या नाकाला वास झोंबला. शंकाच नको, शिरका होता तो, सरळ व्हिनेगर. त्याला उलट हायसं वाटलं. आता व्हर्नर सांगेल, आपण मान खाली घालू, चार टोमणे खाऊ आणि सुटू. व्हर्नरनं घोट घेतला. तोंडात धरला. तळघराच्या भिंतीकडे पाहिलं.

आणि अंगठा वर केला.

"किप्पिस!" मंडळी ओरडली.

कर्टिस जागच्या जागी थिजला. जळणारा पाव, ओशाळलेला चेहरा, सगळ्यांना मिळणारे अंगठे, सगळं त्याला एकदम कळलं. ह्या माणसाला चव लागत नव्हती. वासही येत नव्हता. ज्या चेहऱ्याकडे गाव एवढी वर्षं बघत आलं, तो आता नुसता चेहरा उरला होता, आणि हे कर्टिसशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आता आपण तोंड उघडलं तर सगळ्यांसमोर व्हर्नरची लाज जाणार. नाही उघडलं तर त्याचं शेवटचं पिंप जाणार.

"अरे उचल की!" ग्लेन ओरडला. "एरवी तर घाई करतोस!"

कर्टिसनं बुधला उचलला. तळघराच्या दगडी पायरीपर्यंत नेला. तिथे तो हातातून निसटला, असं सगळ्यांनी पाहिलं. कर्टिसला मात्र आपली बोटं एकेक करून उघडावी लागली होती.

काच फुटली, काळी बिअर चिखलात पसरली आणि पुढे जे झालं त्याची कल्पना कुणीही करावी. ग्लेन पोट धरून हसत होता. "म्हटलं नव्हतं? पिंपापर्यंत पोचायचाही दम नाही ह्याला!" कुणी म्हणालं, टॅमीला फोन करा, कपाट वाचलं म्हणून सांगा. कर्टिस कान लाल करून उभा राहिला आणि सगळं ऐकून घेतलं. एकट्या मार्लीसनी हवेतला वास घेतला, जमिनीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि फावडं आणून त्यावर बर्फ लोटला.

"आता पिंप अपुरं राहणार," कुणीतरी म्हणालं.

"नाही राहणार," व्हर्नर म्हणाला. "आत शेवटच्या फळीवर एक बुधला आहे. दर पिंपाला मी एक जास्तीचा करून ठेवतो. माझ्या पहिल्या पिंपाला माझाच पडला होता."

पिंप काठोकाठ भरलं. बूच ठोकलं गेलं. मंडळी पांगली. कर्टिस काचा वेचत मागे राहिला. व्हर्नर त्याच्या शेजारी पायरीवर येऊन बसला.

"काय झालं होतं त्यात?" त्यानं विचारलं.

कर्टिसनं वर पाहिलं नाही. "शिरका. सौनात ठेवली होती मी. नळी आटली."

"सौनात!" व्हर्नर हसला.  "तापानंतर गेलं सगळं. सकाळी उठलो आणि कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. परत येईल म्हणून वाट बघितली. डॉक्टर म्हणतात, ह्या वयात नाही येत. कुणाला सांगवलं नाही रे. ती सगळी माझ्या तोंडाकडे बघतात."

"मला सांगायला हवं होतं आधीच. त्या दिवशी तेच सांगायला आलो होतो."

"आज केलंस ते पुष्कळ झालं." व्हर्नरनं त्याच्या हातातली काच काढून बादलीत टाकली. "आता एक काम कर. पिंप मुरतंय की नाही हे कुणीतरी चाखून मला सांगायला हवं. महिन्याच्या पहिल्या रविवारी येत जा."

"मी? मला सगळा गाव उतावळा म्हणतो, व्हर्नर."

"गावाला काय कळतंय? तुझी जीभ भाजलेली असली तरी खरी आहे. मला तीच लागते."

मग उन्हाळाभर कर्टिस दर महिन्याला येत राहिला. पिंपाच्या पुढच्या सपाट बाजूवर एक बारीक खिळा ठोकलेला होता. तो उपसला की सुतासारखी धार येई, अंगठ्याएवढ्या पेल्यात धरायची आणि खिळा परत. दोघे दोन खुर्च्यांवर बसत. कर्टिस चाखे आणि व्हर्नर विचारे.

"काय लागतंय?"

"चांगली आहे."

"चांगली म्हणजे काय? तेवढ्यानं मला काही दिसत नाही. नीट सांग."

कर्टिसला शब्द सापडेनात. तो ट्रकमधले शब्द वापरू लागला, स्वयंपाकघरातले वापरू लागला. गरम झालेला ब्रेक. ओलं लाकूड. टॅमीच्या आईचा मनुकांचा केक, पण कडेचा, करपलेला तुकडा. व्हर्नर डोळे मिटून ऐके, आणि तेवढ्यावरून सांगे की पिंपाच्या आत आता काय चाललं असेल. त्याचं बहुतेक बरोबर निघे. एका शब्दावरून हा माणूस आख्खी बिअर डोक्यात उभी करतो, हे पाहून कर्टिस थक्क होई. जुलैत केव्हातरी कर्टिसच्या लक्षात आलं की आपण तासभर बसलोय आणि गुडघा हललेला नाही.  व्हर्नरलाही ते दिसलं असणार.

ऑक्टोबर लागला. व्हर्नरच्या निघण्याच्या आदल्या दिवशी मंडळ तळघरापाशी जमलं. टेबलं मांडली होती, धुतलेल्या बाटल्या रांगेत उभ्या होत्या, मार्लीसनी चीज आणलं होतं, टॅमीनं पेस्टी. व्हर्नरला त्याची शेवटची बिअर पाजून, बरोबर चार बाटल्या देऊन निरोप द्यायचा होता. ग्लेननं खिळा उपसून पहिला पेला व्हर्नरच्या हातात दिला. सगळे गप्प झाले, पद्धतीप्रमाणे.

व्हर्नरनं पेला तोंडाला लावला नाही. तो कर्टिसपुढे धरला.

"त्याला कशाला?" ग्लेन म्हणाला. "तू सांग की."

"मी सांगू शकत नाही," व्हर्नर म्हणाला. "मला चव लागत नाही. हिवाळ्यापासून. पिंप भरलं तेव्हाही लागत नव्हती. उन्हाळाभर ह्यानंच चाखलंय."

 मार्लीस खाली बघत होत्या. ग्लेननं टोपी काढली, परत घातली. मोठा आवाज ज्याचा, त्याचाच आवाज कुजबुजीसारखा निघाला. "कर्टिस, घे बाबा. घे आणि म्हण झाली म्हणून."

सगळ्यांच्या डोळ्यांत तेच होतं. म्हाताऱ्याला ह्या पिंपातली बिअर पिऊन जाऊ दे.

कर्टिसनं घोट घेतला. तोंडात धरला. व्हिस्कीचा चटका वेगळा, लाकडाचा तुरटपणा वेगळा, माल्टचा गोडवा वेगळा. एका टेबलाशी बसून एकमेकांशी न बोलणाऱ्या पाहुण्यांसारखी तिन्ही. अजून एक हिवाळा ह्यांना तळघरात बसायला हवं होतं. चांगली होणार होती ही बिअर, फार चांगली होणार होती, पण आज नव्हती. आणि तरी, झाली म्हटलं तर बिघडत काय होतं? ज्याच्यासाठी उघडायची त्याला फरक कळणारच नव्हता. तो हसून पिईल, बाटल्या घेऊन जाईल. "झाली" म्हणण्याएवढं सोपं ह्या जगात काहीच नव्हतं. आणि त्या माणसाचा ह्याहून मोठा विश्वासघात तरी काय असणार होता?

व्हर्नर कर्टिसकडे बघत होता, पूर्वी सगळे व्हर्नरकडे बघत तसा.

"अजून नाही," कर्टिस म्हणाला.  "माफ करा व्हर्नर. वसंतापर्यंत लागेल."

"कर्टिस!" टॅमीच्या तोंडून निघून गेलं.

 व्हर्नरचे खांदे हलू लागले. तो हसत होता, इतका हसत होता की डोळ्यांतून पाणी गालांवर येत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. त्यानं ग्लेनच्या हातातला खिळा घेतला, स्वतः पिंपात ठोकला आणि वर हातोडीनं आणखी एक टोला दिला.

"ऐकलंत ना? बाटल्या गाडीत ठेवा," तो म्हणाला. "पेस्टी खाऊन घ्या, निवतायत."

मग त्यानं खिशातून फोन काढला, लांब धरून नंबर लावला, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलू लागला.

"एलेन? हो, येतोय, उद्या येतोय. पण घर विकायचं तूर्त राहू दे. आणि मला वसंतातलं परतीचं तिकीट काढून ठेव... नाही ग, तब्येत उत्तम आहे. माझी बिअर अजून झालेली नाही."